जेमायमाच्या हातातलं पीस

४ फेब्रुवारी

जोसायसने, माझ्या धाकट्या भावाने, आज जेमायमाला उडवलं. तळ्यावर, भर दुपारी. ती बर्फातल्या भोकापाशी वाकून जाळं ओढत होती आणि हा स्नोमोबाइल पिटाळत आला. तिचा पाय मोडलाय, गुडघ्याखाली दोन ठिकाणी. विमानाने शहरात नेलं.

अनानायसकाका शिकारीला गेलेले. ठाण्यात आम्ही दोनच पोलीस, म्हणजे आज मी एकटीच. भावाला दंडाला धरून उभं केलं तर तोंडाला दारूचा भपकारा. आमच्या आदिवासी गावात दारूबंदी आणि हा पोलिसाचा भाऊ!

अहवालात लिहिलं – बर्फाचं वादळ, समोरचं दिसलं नाही, अपघात.

५ फेब्रुवारी

काल वादळ नव्हतं. लख्ख ऊन होतं.

९ फेब्रुवारी

आईला वासाचं सांगितलं. सांगायला नको होतं. "बाहेरचे पोलीस तुझ्या मामाला घेऊन गेले, तो परत आला का? मग आपले पोलीस कशाला उभे केले आपण, आपलीच पोरं त्यांच्या हातात द्यायला?"

आपले पोलीस जेमायमाचेही आहेत, हे तेव्हाच म्हणायला हवं होतं. मी बॅनकची जाड रोटी मोडून चहात बुडवत बसले.

२० फेब्रुवारी

काका परतले. अहवाल वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"वारा होता का गं त्या दिवशी?"

"होता."

"आम्ही होतो तिकडे रानात पानही हललं नाही."

"तळं मोठं आहे, काका."

"मोठं आहे खरं," म्हणाले आणि मलाच चहा ओतून दिला. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

१२ मार्च

जेमायमा कुबड्या घेऊन परत आली. गावातल्या जाणत्या झिपोरा आजीने सगळ्यांना सभाघरात गोल बसवलं. गरुडाचं पीस ज्याच्या हातात तो बोलणार, बाकीच्यांनी तोंड घालायचं नाही. असं मिटलं तर प्रकरण कोर्टात जात नाही.

जोसायस रडला. माफी मागितली. जाळी मी ओढीन, सरपण मी फोडीन म्हणाला. दारूचं बोलला नाही, कारण मी तसं बजावलं होतं.

मग पीस जेमायमाकडे गेलं. तिने ते बराच वेळ मांडीवर धरलं. माझ्याकडे पाहिलं. काही न बोलता माझ्या हातात दिलं. आमच्यात कुणाच्या तोंडून शब्द पिळून काढत नाहीत. आजीनेही आग्रह केला नाही.

मी म्हटलं, "जेमायमाची काही तक्रार नाही."

कागदावर तिच्या नावापुढे लिहिलं – संमत.

१५ मार्च

गावात माझं कौतुक चाललंय. आपलं आपण कसं मिटवलं, बाहेरच्यांना कळूसुद्धा दिलं नाही! आजीने खारवलेला मासा पाठवला. माझ्याच्याने खाववला नाही.

२ एप्रिल

जेमायमा मुलांना घेऊन शहरात बहिणीकडे चालली. कायमची. धावपट्टीपर्यंत तिची बॅग मी उचलली, तिने उचलू दिली.

"जाळी कुणाला दिलीस?"

"तुझ्या भावाला. तोच ओढतोय ना."

आम्ही सात वर्षांच्या होतो तेव्हापासून त्या तळ्यावर ती माझ्यापेक्षा जास्त मासे धरत आलीय. हे तिला सांगायचं राहून गेलं.

१९ एप्रिल

शेवटी फोन केला. विचारलं, त्या दिवशी काहीच का बोलली नाहीस?

"वास मलाही आला होता, वर्ना. तो माझ्यावर वाकून रडत होता, येणारच. मी बोलले असते तर तुझा भाऊ तुरुंगात गेला असता आणि तुझी नोकरीही गेली असती. म्हटलं, हिचं हिला सांगू दे. म्हणून पीस तुला दिलं."



"आणि तू माझ्याच नावाने बोललीस," ती म्हणाली. रागावून नाही. मागे तिची मुलं भांडत होती, ती त्यांना गप्प करायला गेली आणि परत फोनवर आली नाही. मी फोन तसाच कानाला लावून बसले होते.

२० एप्रिल

काकांना सगळं खरं सांगणार आहे, असं जोसायसला सांगितलं.

"ताई, मी तर पहिल्याच दिवशी सांगणार होतो. तूच तोंड बंद ठेव म्हणालीस."

खरंय. त्याला काय हवंय हे मी विचारलंच नाही. पोलीस म्हणून नाही, बहीण म्हणूनही नाही.

२३ एप्रिल

काकांनी दोन्ही जबाब लिहून घेतले. आधी माझा, मग जोसायसचा. उद्याच्या विमानाने दोघं जाणार – तो कोर्टात, मी चौकशीला. माझ्या जागी बाहेरचा पोलीस येतोय. आई दोन दिवस बोललेली नाही. आत्ता तिने आम्हा दोघांसाठी मिळून एकच डबा भरला.