हे दूध उकळू नका

आत्याबाई,

तुम्ही पूजेला बसला होता, म्हणून निरोप न घेताच निघालो. बाळ पाळण्यात झोपलंय, नऊला उठेल.

माझ्या दुधाच्या तीस पिशव्या फ्रीझरमध्ये आहेत. आजच्यासाठी सात पिशव्या काल रात्रीच फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढल्या, त्या वितळल्यात. एकेक कोमट पाण्यात ठेवून वाटी-चमच्याने पाजा. गॅसवर मुळीच नको. मंगळवारी तुम्ही खळखळून उकळलंत, बाळाने तोंड फिरवलं आणि मी नको ते बोलले. चुकलंच माझं. घरात आलेलं दूध आधी तापवायचं, ही तुमची चाळीस वर्षांची सवय. वर साय दिसली तर नासलं म्हणून ओतू नका, हलवलं की मिसळतं. वितळलेलं परत गोठवू नका. करंट गेला तर फ्रीज उघडूच नका.

इतकं साठवून काय करतेस, असं तुम्ही महिनाभर विचारत होता. तुम्हाला सांगितलं तसं आम्ही कलघटगीला माझ्या माहेरी नाही, दवाखान्यात चाललोय. छातीत गाठ आहे, उद्या ऑपरेशन. तुम्ही रडला असता तर माझा पाय निघाला नसता, म्हणून तुमच्या मुलालाही मीच गप्प बसवलं. नंतर औषधं सुरू झाली तर अंगावर पाजता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाल्या.

जुन्या तारखेच्या पिशव्या आधी काढा. कालची तारीख घातलेली एक मात्र ठेवा, कितीही रडला तरी. ती मी येऊन माझ्या हाताने पाजीन.

वनिता