घड्याळ सांभाळणारा

गुरुजी, मारायच्या आधी तुम्ही मनगटावरचं घड्याळ काढायचात आणि ज्याला मारायचं त्याच्याच हातात द्यायचात. "सांभाळ," म्हणायचात. ते पडू नये म्हणून पोरगं दोन्ही हात छातीशी घट्ट धरायचं आणि गाल आपोआप मोकळा राहायचा. कुडपणच्या शाळेत आम्हाला तो मान वाटायचा. आता ते घड्याळ मी एका मालिकेत घातलंय. नायक पोलीस इन्स्पेक्टर, हाताचा जड. संशयिताला झोडपण्याआधी आपलं घड्याळ त्याच्याच ओंजळीत ठेवतो. मुंबईत सीन वाचून दाखवला तेव्हा माझ्या मुलाच्या वयाचा दिग्दर्शक खुर्चीतून उठला. "दादा, आता ह्याने कोणालाही फोडू दे, पब्लिक ह्याच्याच बाजूने!"

मारकुट्या माणसावर लोकांचा जीव जडवायचा, हेच माझं काम. कुठे शिकायला गेलो नाही. लेखकांच्या खोलीत चहा देता देता ऐकलं, आणि ह्या तिखट कानांवरच पोट भरलं. युक्त्या फार नाहीत. आधी त्याचा एखादा हळवा क्षण दाखवायचा, मारून झाल्यावर त्याचा हात थरथरू द्यायचा. मार खाणाऱ्याला नाव द्यायचं नाही, घर द्यायचं नाही, जेवणाचा डबा तर मुळीच नाही. डबा दिसला की लोक नायकापासून फुटतात. आणि आपल्या माणसाचा हात गुन्हेगारावरच पडला पाहिजे. हे शेवटचं मी तुमच्यावरून सांगतो. आमच्या गुरुजींनी निर्दोष पोराला कधी बोट लावलं नाही, असं चारचौघांत म्हणतो.

शेवटचा भाग लिहायला महाडला येऊन बसलोय. लिहिणं अडलं, म्हणून परवा हिरकणीवाडीला गेलो. माझ्या बाकावरचा सोबती तिथे रायगड बघायला येणाऱ्यांना पिठलं-भाकरी खाऊ घालतो. तो तुम्हाला आठवत असणारच. त्या दिवशी तुम्ही फळ्याकडे तोंड करून लिहिताय. मागून कोणीतरी तुमचा तो कोरडा खोकला काढतो, हुबेहूब, शेवटच्या खाकरण्यासकट. वर्ग हसतो. तुम्ही वळता तेव्हा सगळे गप्प, पण ह्याला हसू आवरत नाही. घड्याळ ह्याच्या हातात, आणि एकच थप्पड, डाव्या कानावर. रक्त दिसलं तसं तुम्ही त्याला पाठीवर घेतलंत आणि पायवाटेने उतरत थेट पोलादपूरच्या डॉक्टरकडे नेलंत. कान गेला तो गेलाच. गाव अजून सांगतं, गुरुजींनी पोराला पाठीवर नेला. थप्पड कोणाच्या बोलण्यात येत नाही. त्याच आठवड्यात, एकदा ऐकलेली कविता मी धडाधड म्हटली म्हणून तुम्ही मला कोरी वही दिलीत. "तुझे कान तिखट आहेत. ऐकलेलं लिहीत जा."

"उजवीकडं बस रे, डावी बाजू भाड्यानं दिलीय," सोबती म्हणाला. चुलीजवळून त्याची बायको म्हणाली, "मोठ्यानं बोला भावजी, नायतर नुसतं हो हो करतात." मी त्याला तो घड्याळाचा सीन वाचून दाखवला. तो भाकरी मोडत ऐकत होता.

"घड्याळ बरोबर लिवलंस. गार लागायचं हाताला. पन ज्याला मारला तो कोन?"

"संशयित."

"त्याला आईबाप हायत का नाय?"

"दाखवले तर लोक नायकावर उलटतील रे."

"मग उलटू दे की." थोड्या वेळाने त्याने ताट बाजूला सारलं. "पाठीवर व्हतो ना, तवा गुरुजींनी मला इचारलं, खोकला कोनी काढला म्हनून."

मी घास परत ताटात ठेवला. "काय सांगितलंस?"

"मीच, म्हटलं. गुरुजी रडत व्हते रे. रडत्या मान्साला, तुमी चुकलात, असं सांगायचं? आनि मी खाल्ली व्हती ती खाल्ली, वर तुला कशाला?" मग उजवा कान माझ्या तोंडाशी आणून म्हणाला, "काढ ना मेल्या, एकदा. लय वर्सं झाली." मी काढला. तो तसाच हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

तेव्हापासून एका जागी बसवत नाही. लिहितो, उठतो, गॅलरीत जातो, परत येऊन डबा खोडतो, परत घालतो. शेवटी घातला. आता मार खाणाऱ्याला नाव आहे, डब्यात त्याच्या आईने दिलेली सुक्या बोंबलाची चटणी आहे, आणि त्याने काहीच केलेलं नाही. सकाळी दिग्दर्शकाचा फोन आला तेव्हा त्याला बदल सांगितला. "दादा, लोक ह्याला माफ नाही करणार." नसतील करणार. घड्याळ मात्र मी काढलेलं नाही; ते काढून बघितलं, तर तो माणूसच उरेना. माझा तुमच्यावर जीव आहे गुरुजी, अजून आहे. त्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

सीन दुपारी जाईल. तुम्ही तर गेलात, हे पत्र कुठे जाणार? वहीतच राहील. तरी इथे लिहून ठेवतो. खोकला माझा होता. तुम्ही वळायच्या आधी फळ्यावरचा खडू थांबला, ते सगळ्यांआधी मला ऐकू आलं. मी गप्प झालो. शेजारी तो हसत होता, त्याला कोपराने नुसतं ढोसलं असतं तरी चाललं असतं. नाही ढोसलं.