संत्र्याच्या खोक्याचा पुठ्ठा

रविवार, संध्याकाळ

रिबकाताई बोलली. कित्येक महिन्यांनी.

माझी ही मामेबहीण माझ्याबरोबर अमरावतीतच वाढली, आता इस्रायलला अश्दोदमध्ये असते. युद्धावरून आमचं भांडण झालं तेव्हा 'तुले इथलं काय समजते' म्हणून तिनं फोन ठेवला होता. मागच्या आठवड्यात मी चौकात संत्र्याच्या खोक्याचा पुठ्ठा धरून एकटीच उभी राहिले. 'दोन्हीकडची लेकरं जगू द्या.' फोटो जगभरच्या आम्हा ज्यूंच्या शांतता-गटावर टाकला, आणि तिलाही पाठवला. मुद्दाम? हो, मुद्दामच.

आज फोनवर पहिलंच वाक्य, "काहून वं, पुठ्ठा सरळ धरता येत नाही तुले?"

झालं, आता पुन्हा भांडण, असं वाटलं. तर म्हणते, "काल मी बी मोर्चात गेली होती. तुयंच वाक्य लिवलं." वर हिब्रूत, मध्ये अरबीत. अरबी ओळ तिच्या दवाखान्यातल्या अरब नर्सनं लिहून दिली. आणि खाली मराठीत.

"तिथं मराठी कोन वाचते वं?"

"कोनी नाही. पन वाक्य अमरावतीचं हाय ना."

ताई बोलू दे म्हणून आमच्या एलियाहू हन्नाबी या प्रेषिताला नवस बोलले होते, उद्या पोहे-खोबऱ्याचा मलिदा करायचा. तिनं पाठवलेला फोटो सारखा उघडून बघतेय. तिचाही पुठ्ठा तिरकाच आहे.