पोट उघडं ठेव

नाही मामा, चूक तुमचीच आहे, आणि शिरसाष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? मामी? बरं. मुद्द्यावर येतो.

बँजोच्या त्या गोल लाकडी खोक्याला सगळं जग पॉट म्हणतं, तुम्ही एकटे पोट म्हणता. म्हणा! पण मग फोनवर "मऊ आवाज हवा तर पोट उघडं ठेव, गाढवा" एवढंच ओरडून फोन ठेवायचा नसतो. (हा माझ्या हातचा पहिला बँजो. तुमच्या कारखान्यात, तुमच्या हत्यारांनी, तुमच्या शिव्या खात केलेला, तरी माझाच.) आपलं वाजलं मागच्या झाकणावरून. तुम्ही म्हणालात, झाकण नको, आवाज मागून सुटू दे, खोलीत ऐकण्यासारखा राहील. मी म्हटलं, मला बँडमध्ये घुसायचंय, खोलीत कोण बसतंय! आवळले स्क्रू आणि निघालो. झाकणावर आपटून आवाज पुढे उसळतो हे तुम्हीच शिकवलंत ना? आणि काल निवडीला पोचल्यावर कळलं, की बँडच्या बाई कुजबुजल्यासारखं गातात. म्हणून नाक मुठीत धरून तुम्हाला फोन केला.

मग काय, सगळ्यांदेखत शर्ट वर केला आणि बँजो उघड्या पोटावर टेकवला. (पुढचा पडदा कातड्याचा, मागे माझं कातडं, म्हटलं, आवाज ऊब धरत असेल.) पडदा ताणणारे ते पितळी आकडे असे चिमटे घेत होते, की मी तालात नाही, कळांमध्ये वाजवत होतो. आणि आवाज? बाई कुजबुजतायत, शेजारी मी भांड्यांचा रॅक पाडतोय. ड्रमवाला हसता हसता स्टुलावरून घसरला. बाईंनी शांतपणे विचारलं, "तुमच्यात असंच वाजवतात?"

"हो, मामांची पद्धत आहे."

"उद्या संध्याकाळी परत या. मऊ वाजलं तर घेऊ. आणि बनियन घाला."

असो. माझं काही मागणं नाही. मामीला नमस्कार.

तुमचा सख्खा भाचा

ता.क. आईला पोटाचं बोलू नका. म्हणेल, मामावर गेलाय.

आणखी ता.क. घरी आल्यावर उमगलं, कुणाचं पोट ते, आणि झाकण उचकटलं. आवाज सुटला, खोटं कशाला बोलू. पण उचकटताना बँजोच्या पोटाला कडेला चीर गेलीय, तार छेडली की माशीसारखी गुणगुणते. बघालच, बँजो तुमच्या दाराच्या कडीला अडकवलाय. ती संध्याकाळ म्हणजे आजचीच, मामा.

पत्र फटीतून सरकवतोय. आत तुमचा रंधा चालू होता, तो थांबला. चप्पल शोधताय वाटतं. निघालो मी. बटणं सगळी लावलीयत.