शेवटच्या जागेवरची डिस्क

प्रिय लेसिएली,

मुलांचा रविवार छान पार पडला. पांढऱ्या कपड्यांतली पोरं चर्चमध्ये उभी राहिली आणि एकाचाही सूर घसरला नाही. स्तोत्राला चाल मी लावली, पण चारही आवाजांचं लिहून झालं ते तुझ्या डिस्कमुळे, हे मी जेवणाच्या वेळी सगळ्यांदेखत सांगितलं. तुझे वडील तेवढा वेळ मान खाली घालून पानात भाजलेल्या मांसाचा लू खात होते. माझ्या भावाला लू इतका आवडतो हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

त्याचं तुणतुणं तुला ठाऊकच आहे. पोरगी ऑकलंडला इंजिनिअर व्हायला गेली आणि इस्पितळातल्या लोकांचे अडलेले संगणक फोनवरून चालू करून देत बसली. त्यापेक्षा इकडे बेटावर, हापाईला परत यावं, लग्न करावं. खरं सांगू? नाताळापर्यंत मलाही तसंच वाटायचं.

नाताळात तू आलीस तेव्हा शाळेच्या संगणकाचं पोट तुडुंब भरलं होतं. मास्तर म्हणाले, एक तर मुलांचे धडे राहतील, नाहीतर नानिसेबाईंचा स्तोत्रं लिहायचा प्रोग्राम. तू दोन्ही ठेवलंस. ती चपटी डिस्क बाहेरून जोडलीस, माझा प्रोग्राम तिच्यातच बसवलास आणि म्हणालीस, हा आता इथूनच चालेल. खाऱ्या हवेत डिस्क खराब होईल म्हणून गाण्याची तालीम संपली की मी ती टोपलीत घालून घरी न्यायचे.

आणि पुढच्याच तालमीला प्रोग्राम उघडेना. संगणक म्हणतो, सापडत नाही. ऐन वेळी सापडत नाही असा नवरा पाहिला होता, यंत्र नव्हतं पाहिलं. मी तुला सगळ्यांसमोर टोचून बोलले. तू नुसती बाकावर बसून आम्ही काय करतो ते पाहत राहिलीस.

आम्ही काय करत होतो? तालमीआधी पाद्रीबाबा त्याच संगणकाला आपला पेनड्राइव्ह लावून प्रवचन छापून घ्यायचे आणि तो तसाच ठेवून चहाला जायचे. त्यांच्या आधी आपलं काही लावायचं, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. तो काढायला तर हातही धजला नसता. संगणक मात्र येईल त्याला पहिली मोकळी जागा, म्हणजे ओळीतलं पुढचं मोकळं अक्षर, देतो. आमच्या डिस्कची जागा पाद्रीबाबांना मिळायची, डिस्क शेजारी सरकायची आणि प्रोग्राम जुन्या जागी स्वतःला शोधत बसायचा.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बाई, तुमची डिस्क आधी लावत जा. तू आमची रीत मोडायला सांगितली नाहीस. तू डिस्कला कायमचं अक्षर दिलंस, सगळ्यांत शेवटचं, झेड. प्रोग्राम तिथं पुन्हा बसवलास आणि मला म्हणालीस, "आत्या, शेवटच्या जागेवर कुणी हक्क सांगायला येत नाही. आपण तिथंच बसू."

पोरी, थोरल्या बहिणीच्या मानाने मी जन्मभर पंगतीत पहिल्या जागेवर बसले. तिथून उठवलं जायची भीती असते, हे मी कधी कुणाला बोलले नाही. तुला ते न सांगता कळलं. फार अभिमान वाटला तुझा. वाटलं, इस्पितळातल्या त्या घाबरलेल्या माणसांचं नशीब थोर, त्यांचा फोन ही उचलते.

आता हे पत्र का, ते ऐक. परवा तुझा बाप सिओसाया कमरेला चटई गुंडाळून, अगदी रीतसर माझ्यासमोर येऊन बसला. म्हणाला, "ताई, तू लिहून तिला परत बोलव. माझं ती ऐकत नाही. आत्याचा शब्द कसा मोडेल?" बरोबर आहे त्याचं. तुझं नाव मी ठेवलंय आणि आपल्या घरात माझ्या शब्दापुढे शब्द नाही. मी म्हटलं, लिहिते. तेच हे पत्र. माझा शब्द असा की तू तिथंच राहा, तुझ्या जागेवर. इथवरचं मी त्याला वाचून दाखवलंय. तर म्हणाला, पाकीट नीट चिकटव, बोटीवर मीच देऊन येतो.

तुझीच,
नानिसे आत्या