चक्रीवरचा रिकामा घोडा

माय, तुझा घोडा सापडला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मधीमधी "घोडा कुठाय, घोडा कुठाय" करणार न्हाईस. सापडला, घरी आणला, रंग दिला, चक्रीवर चढवला. पण गोष्ट तिथं संपत न्हाई म्हणून लिहून राह्यले. दुसऱ्या कुणाला सांगायला बसलं की माणसं अर्ध्यातच मोबाइल काढतात. तू निदान पूर्ण ऐकून घेऊन मंग शिव्या द्यायचीस.

तू गेलीस तेव्हा आपल्याकडं हातानं ढकलायची घोड्यांची गोल चक्री होती. भोकरदनच्या सुताराकडून तू चार लाकडी घोडे करून आणल्ते, त्यातला एक वाळवीनं खाल्ला, एक पडून मोडला, एक तूच विकला. उरला तो हा पांढरा. पुढं आम्ही मोटार बसवली, जत्रा जत्रा फिरलो. मंग तुझ्या जावयाचे गुडघे गेले आणि आम्ही तीर्थपुरीहून खाली गोदावरीकडं उतरणाऱ्या रस्त्याला जागा भाड्यानं घेऊन कायमचे बसलो. आता आपल्याकडं आकाशपाळणा आहे, लेकरांची आगगाडी आहे, हवा भरून फुगवायची घसरगुंडी आहे. तिला समदे मिकी माउस म्हणतात, तोंड हत्तीचं आहे तरी. चक्रीवरचे बाकीचे घोडे फायबरचे, गुलाबी, हिरवे, लांब पापण्यांचे, लग्नातल्या करवल्यांसारखे. त्यांच्यात तुझा पांढरा लाकडी. फाटकावर इंग्रजी नाव रंगवलंय, पण लोक म्हणतात घोड्याचं गार्डन. अंकुशनगरच्या साखर कारखान्यावरची माणसं रविवारी लेकरं घेऊन येतात. गाळप सुरू झालं की ऊसतोडीची लेकरंबी येतात, पायात चप्पल नसली तरी हातात तिकिटाचे पैसे घट्ट धरून.

यंदा भादव्यात पाऊस थांबायलाच तयार न्हाई. वरच्या धरणाचं पाणी सोडलं, ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर सांगितलं, काठावरच्यांनी निघा. आपण जत्रेतली माणसं, गाशा गुंडाळायची सवय. जल्दी जल्दी मोटारी सोडल्या, ट्रॅक्टरवर टाकल्या. मिकी माउसची हवा काढून घडी घातली. फायबरचे घोडे नटबोल्टात बराबर आवळलेले होते, त्यांची काळजी नव्हती. तुझा घोडा मात्र नवरात्राच्या आधी रंगवायचा म्हणून उतरवून पत्र्याच्या शेडात ठेवल्ता. मी म्हणलं, एवढा जड लाकडाचा घोडा, तो कुठं जातोय. लाकूड पाण्यावर तरंगतं, हे माझ्यासारख्या एवढ्या वर्षांच्या बाईला त्या दिवशी सुचलं न्हाई.

रस्त्याच्या उंचवट्यावर उभं राहून आम्ही समदं बघितलं. आगगाडी बुडाली, तिकिटाची खोली बुडाली. आकाशपाळण्याची मोटार काढल्ती ना, तर तो मोकळा झाल्ता, आणि पाण्याच्या जोरानं आपोआप फिरायला लागला. खालचे पाळणे पाण्यातून भरून वर यायचे आणि वर आले की ओतून रिकामे व्हायचे, रहाटासारखे. तुझा जावई म्हणला, "बघ, नदी बिनतिकिटाची बसली." मला हसू आलं आणि त्याच वेळी शेडाचा पत्रा उचकटून गेला. मंग हसू थांबलं.

पाणी उतरल्यावर गुडघ्याएवढा गाळ. आगगाडीच्या इंजिनात मासा निघाला, तिकिटाच्या खोलीत नाग. गिअरबॉक्स खोलून डिझेलनं धुतले, बेअरिंग बदलले, नवीन ग्रीस भरलं. पाळण्याचं फाउंडेशन उकरून बघितलं, लेव्हल लावली, माणूस बसवायच्या आधी वाळूच्या गोण्या बसवून दिवसभर फिरवला. कुणी म्हणलं, लोकांचं सोयाबीन सडलं, आता तुमच्या पाळण्यात कोण बसतंय. मी म्हणलं, ज्याचं सडलंय त्याचंच लेकरू बसंल, घरातलं रडगाणं ऐकून कंटाळलेलं असतंय ते. पंचनाम्याला तलाठी आला. तो विचारतो, "मावशी, जनावर किती गेलं?" मी म्हणलं, "घोडा एक." "वय?" "माझ्या बरोबरीचा." त्याचा पेन थांबला. "जिवंत होता का?" "रोज पळत होता की." तोबी हसला, तुझा जावईबी हसला. मी पाठ फिरवून गाळ उपसायला लागले. मला तो घोडा पायजे होता. फायबरचे दहा आले असते तरी तो पायजे होता. तुझा फोटो न्हाई आमच्याकडं. तुझी म्हणावी अशी तेवढीच एक वस्तू, जिची मान तुझा हात लागून लागून गुळगुळीत झाल्ती.

तुला ती जत्रा आठवते का, मी तुझ्या हातचा मार खाल्ला ती? चक्रीवर चौथा घोडा रिकामा आहे, तू पाठ करून ढकलून राह्यली, आणि मी हळूच चढून बसते. मान धरते. एक फेरा होतो, दुसरा होतो, आणि तू मागं बघतेस. चक्री थांबते. समद्या लोकांसमोर वेणी धरून तू मला खाली ओढतेस. "गिऱ्हाइकाची जागा हाय ती! आपल्या घरचं बसलं तर गिऱ्हाईक कुठं बसंल?" तंबूच्या मागं तीन दगडांची चूल, तिच्यावर पिठलं रटरटतंय, आणि मी भाकरीला हात लावत न्हाई. तू समजूत काढत न्हाईस, तुला ते येतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तू मला धरून पलीकडच्या विजेच्या मोठ्या पाळण्यापाशी नेतेस. त्याचा मालक म्हणतो, "अहो वहिनी, आपल्या आपल्यात कशाचं तिकीट?" तू पदराची गाठ सोडून पैसे काढतेस. "न्हाई, घ्या. पोरीला तिकीट द्या." आणि मला म्हणतेस, "बस. इथं तू गिऱ्हाईक हायस." वरून मी बघितलं तर तू खाली उन्हाला हात आडवा धरून माझ्याकडं बघत होतीस. मला त्या तिकिटाची किंमत तेव्हा कळली न्हाई. भीती वाटली तेवढीच.

दसरा झाल्यावर एक दिवस तुझा जावई मोबाइलवर व्हिडिओ घेऊन आला. "हे बघ. आपला घोडा देव झाला." नदीच्या खालच्या अंगाला एका वस्तीवर लिंबाखाली तुझा पांढरा घोडा उभा. अंगभर भंडारा, गळ्यात झेंडूची माळ, पाठीवर कोरं फडकं. कुणीतरी ओरडून सांगत होतं, गोदामाईनं खंडोबाचा घोडा आणून दिला. मी चुलीवरचं दूध तसंच सोडून टेम्पो काढायला लावला.

वस्तीवर गेले तर निम्मी घरं पडलेली, भिजलेलं धान्य ओसरीवर वाळत घातलेलं, त्याचा वास. घोड्यापाशी एक म्हातारी बसल्ती, सकाळ संध्याकाळ दिवा तीच लावायची.

"कोण गं बाई तू?"

"मालकीण."

"कशाची?"

"ह्या घोड्याची."

"देवाला मालकीण असती व्हय गं?" भोवतालच्या बाया फिदीफिदी हसल्या.

"आजे, देव न्हाई हा. माझ्या चक्रीवरचं लाकूड हाय. माझ्या मायनं करून आणलंय. पोटाखाली फुटल्ता तिथं तिनं तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकलाय. उलटा करा, दाखवते."

"उलटा करायचा न्हाई," म्हातारी म्हणली. "तुला बघायचं तर वाकून बघ."

मंग काय, मी गुडघे टेकले, हात टेकले, डोकं खाली घातलं. आणि मागून एक बाई म्हणती, "बघा, आली होती भांडायला, पाया पडून राह्यली!" समदी वस्ती हसली. मला असा राग आला, पण डोकं घोड्याच्या पोटाखाली, राग काढणार कुणावर? पत्रा होता. तुझे वाकडेतिकडे खिळे होते. मी म्हातारीचा हात धरून तिथं लावला. तिनं बोटं फिरवली, बराच वेळ फिरवली.

"तुझा हाय," ती म्हणली. "पर मंग आला आमच्याकडं कामून?"

"पाण्यानं आणला, आजे. त्यात काय?"

"माझी म्हैस न्हाई आणली पाण्यानं. धाकट्याचं नवं घर नेलं, दाणागोटा नेला. देऊन गेलं ते एवढंच."

ठेवा मंग, असं तोंडात आल्तं माझ्या, पण म्हणले न्हाई. म्हातारीच उठली. पोरांना म्हणली, "उचला रे. तिच्या मायचा हाय." टेम्पोत गोण्या अंथरून त्याला आडवा न्हाई, उभा ठेवला. हलगी वाजवली. मला कोरा चहा दिला, दूध नव्हतं त्यांच्याकडं. म्हातारी टेम्पोला धरून म्हणली, "दिवा लावशील का?" मी म्हणलं, "लावते, लावते." अशी घाईघाईत, कटकट मिटावी म्हणून.

दिवाळीच्या पाडव्याला गार्डन उघडलं. लोक येतील का न्हाई अशी धाकधूक होती, पण आले. आगगाडीला रांग लागली, आकाशपाळणा भरून फिरला, समदं पहिल्यासारखं. चक्री भरली आणि तुझा घोडा रिकामा. मी म्हणलं, बसा की कुणीतरी. एक पोरगं चढायला गेलं तर त्याच्या मायनं पायावर चापट मारली. "देव हाय त्यो!" आणि लेकराला त्याच्या पाया पडायला लावलं. रंग दिल्ता मी, भंडारा धुऊन काढल्ता, तरी मोबाइलनं समद्या तालुक्याला सांगितलेलं. मी ओरडून ओरडून सांगितलं, "लाकूड हाय ते! माझ्या घरचं लाकूड हाय! बसा, मरत न्हाई कुणी!" एक बाई मला म्हणती, "मंग तूच बस ना." मी कशी बसणार? दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. ऊसतोडीची लेकरं आली, त्यांना तरी ठाऊक नसंल म्हणलं. त्यांच्या टोळीच्या मुकादमानं आधीच सांगून ठेवल्तं. बाकीचे घोडे लेकरांनी भरलेले, कुणी लगाम ओढतंय, कुणी रडतंय, आणि त्यांच्या मधी तुझा घोडा पाठ रिकामी घेऊन गोल गोल.

तुझा जावई म्हणला, फाटकापाशी चौथरा बांधू, तिथं बसवू, चक्रीपेक्षा जास्त चालंल. बोलला ते बराबर होतं, हिशेबानं. मी म्हणलं, "माझ्या मायनं त्याला कामाला आणलंय, बसून खायला न्हाई." मंग फायबरचा एक घोडा आणून त्याची जागा भरावी असंबी ठरवलं, घोडे विकणाऱ्या माणसाला फोनबी लावला, आणि त्यानं रंग कोणता पायजे विचारलं तेव्हा मी फोन ठेवून दिला.

मागच्या रविवारी ती म्हातारी आली, वस्तीवरचा ट्रॅक्टर भरून. चक्रीच्या कठड्याबाहेर चप्पल काढून उभी राह्यली. मला वाटलं, आता म्हणंल दिवा कुठाय. दिवा मी लावला नव्हताच, भांडायच्या तयारीत होते. घोडा तिच्यासमोरून गेला, फिरून आला, परत गेला. ती बघत होती. "काम करून राह्यला का?" तिनं विचारलं. मी म्हणलं, "कशाचं काम? कुणी बसत न्हाई." ती म्हणली, "समद्या लेकरांबरोबर फिरतोय ना. मंग झालं की." आणि मिकी माउसवर घसरणाऱ्या नातवाला हाका मारत निघून गेली, जशी काय लई मोठी गोष्ट बोललीच न्हाई. मला तिचं पटलं असं न्हाई. रिकामी जागा म्हणजे तोटा, हे तू माझ्या डोक्यात वेणी ओढून घातलंयस, ते निघत न्हाई. तू असतीस तर त्या म्हातारीशी भांडली असतीस आणि मंग तिला बसवून जेवायला वाढलं असतंस.

आता बास. हे कुठं धाडायचं न्हाई, धाडायला पत्ता कुठला? तुझ्या जावयालाबी दाखवणार न्हाई, तो हसंल. लोकांना मी सांगते की रिकामा घोडा बघून माझं डोकं फिरतं. पण एक करते मी, अजून कुणाच्या ध्यानात आलेलं न्हाई. संध्याकाळी शेवटचा फेरा असतो तेव्हा मोटारीचं बटण मी दुसऱ्याला दाबू देत न्हाई. बटण बंद केल्यावरबी चक्री आपल्या वजनानं थोडी पुढं जाते, तेवढा अंदाज धरून दाबते, म्हणजे तुझा घोडा बराबर बटणापाशी ठेवलेल्या माझ्या खुर्चीसमोर येऊन थांबावा. रोज जमत न्हाई. काल पुढं निघून गेला, आणि लेकरं उतरून गेल्यावर मी निस्त्या त्याच्यासाठी परत एक फेरा सोडला.