मामाजींच्या फ्लेक्सचं शीड

तीर्थरूप मामाजींना हिंगणीहून धनंजयचा दंडवत. आपली प्रकृती ठणठणीत आहे हे आता अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक झालं आहे, तरी रीत म्हणून विचारतो.

झालं ते असं. माझ्या कयाकला (आपण तिला डोंगा म्हणता, माझी हरकत नाही) छोटं शीड लावायचं होतं, कारण वल्ही मारून खांदे भरून येतात. आधी खादीचं लावून पाहिलं. ते पाणी पिऊन गोधडीसारखं जड झालं. ताडपत्री लावली तर होडी एका अंगावर कलली. मग माळ्यावर आपल्या पंचाहत्तरीचा फ्लेक्स सापडला. हलका, पाणी न पिणारा, कोपऱ्यांना दोरीसाठी आयती भोकं! फक्त एवढं मोठं शीड छोट्या होडीला झेपणारं नव्हतं, म्हणून खालचा भाग कापला. आपल्या प्रेरणाने काठ दुमडून मशीनवर शिवले (फोटोतल्या आपल्या कानाला टाका लागू नये म्हणून दोनदा उसवले). बांबू पुढच्या खाचेत रोवला, दोन्ही बाजूंनी दोरीने ताणला आणि पहाटे मी तलावात उतरलो.

वारा छान होता. आपण पोट फुगवून असे निघालात की मला वल्ह्याला हात लावावा लागला नाही. घोटाळा एवढाच, की कापलेल्या भागात ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ होत्या. वर उरले आपण, हात जोडलेले, भोवती झेंडूची माळ. काठावर धुणं धुणाऱ्या कौशल्याबाईंना (माहेर आपल्याच गिरडचं) वाटलं, जावई अस्थी घेऊन निघाला. “तानबाजी गेले व माय!” म्हणून त्यांनी तिथूनच गिरडला फोन लावला, वर शिडाचा फोटोही पाठवला. बायांनी डोक्यावर पदर घेतला. मला वाटलं, माझं कौतुक चाललंय. मी हात हलवला.

पुढचं आपण जाणताच. मंडळी रडत दाराशी आली आणि दार आपणच उघडलं. त्यांतल्या सुलोचनाबाई आपल्याला पाहून ओट्यावरून पडल्या, त्यांचा गुडघा आता बरा असेल.

त्याच संध्याकाळी प्रेरणा गिरडला आली ती परतली नाही. आपला अपमान झाला म्हणून आपण तिला अडवलं असणार, आणि ते योग्यच आहे. पण मामाजी, घर खायला उठतं. मला करमत नाही. शीड जाळून टाकतो, तिला पाठवा.

आपला अपराधी जावई,
धनंजय

ता. क. आत्ताच प्रेरणाचा फोन आला. म्हणते, “बाबा तर तो फोटो साऱ्यायले दाखवून हासून राह्यले. मीच थांबली. शीड म्या शिवलं अन् पयल्या फेरीले तुम्ही एकटेच गेलते. मले काऊन नाई नेलं?” शीड जाळत नाही. ती उद्याच येते आहे.

ता. क. दुसरा. होडीत जागा दोघांची आहे, पण लाइफ जॅकेट एकच, आणि ते तिने फोनवरच मागून घेतलं. येत्या धोंड्याच्या महिन्यात जावयाला अंगठी करायचं आपल्या मनात आहे असं कळतं. अंगठी नको. मला पोहता येत नाही.